दुपारच्या डावाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पाटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे अक्षरं गिरवायची पाटी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. माझ्यावर आजवर कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी मेपलच्या लाकडाची आहे, दीड वीत लांब, चार बोटं रुंद, आणि माझ्या अंगभर भोकं आहेत. क्रिबेज नावाचा पत्त्यांचा एक डाव असतो. दोघांनी समोरासमोर बसून खेळायचा. त्यात कुणाचे किती गुण झाले हे कागदावर मांडत नाहीत. माझ्या भोकांतून लाकडाच्या इवल्या खुंट्या पुढे पुढे नेतात. ज्याची खुंटी आधी शेवटच्या भोकात पोहोचेल तो जिंकला. एवढंच माझं काम, पण ते मी इमानानं केलं.

माझा जन्म अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला, नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथे होड्यांची वल्ही बनतात. थेरॉन नावाचा एक उंच, अबोल तरुण तिथे नुकताच कामाला लागला होता. घासणीच्या यंत्रावर त्याच्या हातून एक वल्हं चिरलं. त्या काळचे म्हातारे मालक म्हणाले, "टाक शेगडीत." थेरॉननं ते टाकलं नाही. जेवायच्या सुट्टीत तो रोज त्या वल्ह्यातून माझा तुकडा कापायचा, तासायचा, एकेक भोक पाडायचा. समोर लिओनेल बसायचा. लिओनेल बुटका, गोल चेहऱ्याचा, आणि तोंडाळ. तो सारखा काहीतरी बोलून थेरॉनला हसवायचा. माझी एक रांग मध्येच जरा वाकडी गेली आहे, ती त्याचीच देणगी. मी तयार झाल्यावर लिओनेलनं खुंट्या केल्या, दोन चेरीच्या लाकडाच्या तांबूस आणि दोन अ‍ॅश नावाच्या झाडाच्या पांढुरक्या. तांबूस त्याच्या, पांढऱ्या थेरॉनच्या. हे एकदा ठरलं ते ठरलं.

काय सांगू तुम्हाला त्या दुपारी! बारा वाजले की भुसा ओढणारा मोठा पंखा बंद व्हायचा. तो पंखा एकच, आणि सगळी यंत्रं त्याच्याच जिवावर चालायची. तो थांबला की सगळा कारखाना एकदम गप्प. माणसं कानांवरची झाकणं काढायची आणि सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांचा आवाज ऐकायची. लिओनेलच्या थर्मासमध्ये वाटाण्याचं घट्ट सूप असायचं. थेरॉनच्या डब्यात उकडलेल्या अंड्याचं सँडविच आणि त्याची बायको एड्ना हिनं केलेली काकवीची बिस्किटं. डाव सुरू झाला की लिओनेलचं तोंडही सुरू व्हायचं.

"पंधराला दोन, पंधराला चार, जोडीचे दोन, झाले सहा! बघ आणि शिक."

"आणि ती सात-आठ-नवाची ओळ कोण मोजणार? तुझी आजी?" थेरॉन हळूच म्हणायचा. पत्त्यांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण, सलग पत्ते आले की त्यांचे वेगळे; आणि दुसरा मोजायला विसरला की राहिलेले गुण आपले, असा या खेळाचा नियम. थेरॉनची पांढरी खुंटी सरकायची आणि लिओनेल कपाळावर हात मारायचा.

"बोलत नाही, बोलत नाही, आणि बरोबर खिसा कापतो हा माणूस!"

आसपासचे जेवता जेवता आमच्याकडे बघायचे. कुणाचा ना कुणाचा पक्ष घ्यायचे. एकदा वल्ही बघायला आलेल्या एका पाहुण्यानं मला उचललं, उलटंपालटं केलं आणि चांगली किंमत देऊ केली. थेरॉननं मान हलवली. लिओनेल म्हणाला, "ती विकायची नाही, साहेब. तिच्यावर माझी इज्जत आहे." मी त्या दिवशी किती फुगले होते! लाकूड पावसाळी हवेत फुगतं म्हणतात, मी मात्र कौतुकानंच फुगले.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. हे दोघे मित्र फक्त दुपारचे होते. लिओनेलचं घर पुलापलीकडे, थेरॉनचं अलीकडे. इतक्या वर्षांत कुणी कुणाच्या घरी डाव मांडायला गेलं नाही. तिकडच्या माणसांची रीतच तशी. तुमची गाडी बर्फात रुतली, तर अर्धं गाव फावडी घेऊन धावेल. पण कारण नसताना कुणी कुणाचं दार वाजवणार नाही. एड्ना गेली तेव्हा लिओनेल काळा कोट घालून दफनविधीला आला, थेरॉनचा हात धरून उभा राहिला, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यानं न बोलता सुपाची दुसरी वाटी भरून थेरॉनपुढे सरकवली. मग ते रोजचंच झालं. लिओनेलही एकटाच होता. त्याची बायको फार आधी गेलेली, मुलगी अनेट दूर दक्षिणेला जॉर्जियात. तर असे दोन एकटे जीव, आणि मध्ये मी.

म्हातारे मालक गेले, त्यांचा नातू वेस मालक झाला. चांगला मुलगा. लहानपणी माझ्या खुंट्या तोंडात घालायचा, तरी त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि रोगणाच्या खोलीत जॉलीन नावाची नवी बाई कामाला लागली. तयार वल्ह्यांवर ती ब्रशानं रोगण चढवायची. तिला दोन लहान मुलं होती. एका सप्टेंबरात ती जेवणाच्या वेळी उठून उभी राहिली. 

"शाळेची बस मुलांना तीनला रस्त्यावर सोडते," ती म्हणाली. "आपण सुटतो साडेतीनला. आता ठीक आहे, पण बर्फ पडायला लागलं की ती दोघं तिथे अर्धा तास उभी राहणार. जेवायची सुट्टी घेतली नाही, तर तीनला सुटता येणार नाही का?"

वेसनं डोकं खाजवलं. "येईल. पण पंखा एकच आहे. चालू तर सगळ्यांसाठी, बंद तर सगळ्यांसाठी. म्हणजे सगळ्यांनीच काम करता करता खायचं. कुणावर जबरदस्ती नाही. एक जण जरी नको म्हणाला, तर जसं आहे तसंच राहील."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणाला मुलांना हॉकी शिकवायची होती, कुणाची आई आजारी होती. हात वर होऊ लागले. लिओनेल नेहमीसारखा हसला. "चला! तीनला सुटलो की थेट तळ्यावर. मासे बिचारे माझी वाट बघून उपाशी मरायला लागलेत."

सगळे हसले. थेरॉनही हसला. पण त्याची बोटं माझ्यावर होती आणि ती गार पडलेली मला कळली. घरी लवकर जायला त्याच्याकडे एकही कारण नव्हतं. आणि 'माझ्यासाठी सगळे थांबा' असं म्हणायचं, तेही लेकुरवाळ्या बाईपुढे आणि तळ्यावर निघालेल्या मित्रापुढे? त्याच्यानं ते झालं नाही. त्यानं हात वर केला. लिओनेल त्याच्याकडेच बघत होता. थेरॉनचा हात वर गेल्यावर मग त्याचाही गेला.

झालं. जेवायची सुट्टी संपली. माणसं एका हातानं यंत्र धरायची आणि दुसऱ्या हातानं पावाचा घास घ्यायची. पावावर भुसा बसायचा. कानांवर झाकणं, मध्ये पंख्याची घरघर. थेरॉन आणि लिओनेल एकाच छताखाली दिवसभर काम करायचे, पण महिन्याभरात त्यांच्यात चार वाक्यंही झाली नसतील. सकाळी "काय रे", तीन वाजता "बरं मग". जेवणाच्या टेबलावर खोकी चढली, रोगणाचे रिकामे डबे चढले. मी त्या ढिगाखाली पडून होते. माझ्या भोकांत भुसा भरला, कुणीतरी माझ्यावर कॉफीचा पेला ठेवला त्याचं वर्तुळ अजून आहे. सगळे म्हणायचे, लवकर सुटणं किती छान! मला राग यायचा. पण पाटीच्या रागाला कोण विचारतो?

एके दिवशी थेरॉननं मला ढिगातून बाहेर काढलं, बाहीनं पुसलं आणि कोटाच्या खिशात घालून घरी नेलं. मी लांब, त्यामुळे माझं टोक नेहमी खिशाबाहेर राहायचं. त्याचं घर मी प्रथमच पाहत होते. स्वयंपाकघरात एक टेबल, दोन खुर्च्या. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. त्यानं दिवा लावला, मला मध्ये ठेवलं, पत्ते पिसले आणि दोन हात वाटले. एक त्याचा, एक समोरच्या खुर्चीचा. मग तो उठून समोर जाऊन बसला, तिथले पत्ते बघून खेळला, पुन्हा उठून इकडे आला. दोन्ही बाजूंनी अगदी प्रामाणिकपणे. तांबड्या खुंटीला त्यानं कधी कमी गुण दिले नाहीत. या डावात एका हाताला एकोणीस गुण कधीच होऊ शकत नाहीत, म्हणून हातात काहीच आलं नाही की खेळणारे गमतीनं "एकोणीस!" म्हणतात. लिओनेल ते ओरडून म्हणायचा. थेरॉननं एकदा तांबड्या बाजूचे पत्ते उघडले, काहीच नव्हतं. "एकोणीस," तो पुटपुटला. मग बराच वेळ त्यानं पत्ते उचललेच नाहीत.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला रडता येत नाही. पण तुम्हाला खरं सांगते, ढिगाखाली पडले होते तेव्हा बरी होते. तिथे निदान माझ्याकडे कुणी अशा नजरेनं बघत नव्हतं.

जानेवारीत एका संध्याकाळी त्यानं कोट चढवला, मला खिशात घातलं, पत्ते घेतले आणि गाडी काढली. पूल ओलांडला. लिओनेलच्या घरासमोर गाडी उभी केली. खिडकीत दिवा होता. मला वाटलं, आता उतरणार. त्यानं दाराच्या मुठीवर हात ठेवला. इंजिन चालूच होतं. मग तो स्वतःशीच बोलायला लागला, म्हणजे बोलायची तालीम करू लागला. "इकडून चाललो होतो..." मग गप्प. "तुझी करवत परत..." मग पुन्हा गप्प, कारण लिओनेलची करवत त्याच्याकडे नव्हतीच. बिचाऱ्याला एक बरं कारण सापडेना. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, 'अरे मला दाखव! मीच कारण!' शेवटी त्यानं मुठीवरचा हात काढला, गाडी मागे घेतली आणि आम्ही पुलावरून परत आलो.

मार्चमध्ये बातमी आली. लिओनेलनं घर विकलं होतं. तो मुलीकडे जॉर्जियात राहायला चालला होता, कायमचा.

कारखान्यातल्या त्याच्या शेवटच्या दिवशी वेसनं केक मागवला आणि दहा मिनिटं पंखा बंद केला. टेबलावरची खोकी खाली उतरवली. थेरॉन मला खिशात घेऊन आला होता, पण बाहेर काढत नव्हता. अनेट वडिलांना न्यायला आली होती. तिचं बोलणं वडिलांसारखंच चुरूचुरू. तिनं सगळ्यांशी हात मिळवले आणि थेरॉनपाशी येऊन थांबली.

"तुम्हीच ना थेरॉन? बाबांच्या तोंडी सारखं तुमचंच नाव. हिवाळाभर फोनवर मी यांना म्हणतेय, जा की त्यांच्याकडे. तर म्हणे, नको, त्याला लवकर घरी जायचं असतं, त्यानं हात वर केला होता."

"अनेट, पुरे," लिओनेल म्हणाला.

"पुरे काय? आणि जानेवारीत एकदा तुमची गाडी दारात थांबली होती म्हणे. बाबा उठून आत गेले, कॉफी ठेवली, दोन पेले काढले. बाहेर येऊन बघतात तर गाडीच नाही. मला तेव्हाच फोन केला होता. म्हणाले, दुसराच कुणीतरी असेल. त्यानंतर आठवड्याभरात मला म्हणाले, घर विकून टाकू या."

 थेरॉनचा चेहरा मी खिशातून कसा बघणार? पण त्याचं काळीज माझ्या अगदी जवळ होतं, आणि ते घणासारखं पडत होतं.

"मीच होतो," तो म्हणाला.

लिओनेलनं केकची बशी खाली ठेवली. "मग आत का नाही आलास, गाढवा?"

"कारण सुचेना."

"कारण?" लिओनेलचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "हात तरी का वर केलास तू?"

"तुला तळ्यावर जायचं होतं. मासे उपाशी होते ना तुझे."

"अरे, मी थट्टा करत होतो! गेल्या तीन वर्षांत मी मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवलेला नाही. गुडघा कुठे साथ देतोय माझा? मी म्हटलं, तू नको म्हणशील. वाट बघत होतो तू नको म्हणायची. तू हात वर केलास. मग मी काय करणार होतो?"

 जॉलीननं तोंडावर हात धरला होता. अनेटनं हळूच घड्याळ बघितलं. "बाबा, निघू या. लवकर निघालो तर अंधाराच्या आत बॉस्टन मागे टाकू."

लिओनेल कोट घालू लागला. मला वाटलं, आता थेरॉन म्हणणार, 'हो, जा बाबा, तुला उशीर होईल.' आयुष्यभर तो तेच म्हणत आला होता. त्यानं तसा श्वासही घेतला. पण मग त्याचा हात खिशात आला, त्यानं मला बाहेर काढलं आणि टेबलावर आपटलं. चांगलं लागलं मला.

"बस खाली," तो म्हणाला. "मला तुझ्याबरोबर खेळायचंय. लवकर जाऊ नकोस."

इतक्या वर्षांत त्यानं कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. लिओनेल कोटासकट बसला. वेसनं पंख्याच्या बटणाकडे बघितलं आणि दोन्ही हात खिशात घातले. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. अनेट भिंतीला टेकून उभी होती. थोड्या वेळानं तिनंही एक खुर्ची ओढली.

डाव पुरा झाला. कोण जिंकलं? लिओनेल जिंकला, पण त्यानं ओरडून सांगितलं नाही. "सोळा," एवढेच शेवटच्या पत्त्यांचे गुण सांगून त्यानं खुंटी शेवटच्या भोकात बसवली. मग ती पुन्हा उपटली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वर बटण लावलं. दारात थेरॉननं त्याच्या कोटाची कॉलर उगीचच सरळ केली. मग गाडी गेली.

मित्रांनो, एवढ्यावर गोष्ट गोड करून मला सांगता आली असती. पण घर विकलं होतं. विकलेलं घर हात खाली घेतल्यानं परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले तेव्हा थेरॉन आपल्या यंत्रापासून उठला, भिंतीपाशी गेला आणि त्यानं मोठा पंखा बंद केला. सगळी यंत्रं एकामागून एक गप्प झाली. माणसं कानांवरची झाकणं काढून बघू लागली. वेस धावत आला.

"काय झालं? वीज गेली?"

"नाही," थेरॉन म्हणाला. "तू म्हणाला होतास, एक जण जरी नको म्हणाला तर नको. मी नको म्हणतोय. मी माझा हात खाली घेतला."

कुरकुर झाली. हॉकीवाला चिडला, आणि त्याचं चिडणंही काही खोटं नव्हतं. जॉलीन रोगणाच्या खोलीच्या दारात ब्रश घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "थेरॉन, माझी मुलं..."

"तू काम कर आणि तीनला जा," थेरॉन म्हणाला. "तुझ्या ब्रशाला कुठे पंखा लागतो?"

वेस तिच्याकडे बघतच राहिला. "अरेच्चा! खरंच की. हे तुम्हाला आज सुचलं?"

"नाही. त्याच दिवशी सुचलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

 थेरॉन टेबलापाशी आला आणि मला मध्ये ठेवून बसला. गेलेल्या तांबूस खुंटीच्या जागी त्यानं एक आगकाडी खोचली. डबा उघडला आणि सावकाश जेवू लागला. हळूहळू बाकीचेही आले, पण दूर दूर बसले. प्रत्येकाच्या हातात फोन. लवकर सुटण्याच्या नादात शेजारी बसून जेवायची त्यांची सवयच मोडली आहे. ती एका दुपारीत कशी परत येणार?

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसा, नीट ठेवा. मला पुसलं नाहीत तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. दिवसाच्या मध्यावर जी सुट्टी असते ती वाचवून कुठे नेऊ नका. ती साठवता येत नाही, घरी नेली की शिळी होते. आणि सगळ्यांचे हात वर गेले म्हणून आपलाही वर नेण्याआधी, शेजारी कुणाचा हात जड झाला आहे का, तेवढं बघा. तुमचाच जड झाला असेल, तर सांगा. नाही सांगितलंत, तर कुणालाही कळत नाही. मी साक्षीदार आहे.

थेरॉन रोज बाराला दोन हात वाटतो. आता तो उठून समोर जाऊन बसत नाही. समोरचे पत्ते तसेच पालथे राहतात, आणि तो जेवता जेवता वर बघतो. काल वेस टेबलापर्यंत आला होता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मला हा खेळ येत नाही." मग फोन वाजला म्हणून निघून गेला.

थेरॉन म्हणाला, "मी शिकवीन." पण तोवर वेस दारापर्यंत पोहोचला होता.